तयारीचा गळा

आमच्या वरच्या मजल्यावर एक सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी ऑपेरा गायिका, राहते. तिच्या आयुष्यात दोन घसे महत्त्वाचे आहेत. एक तिचा स्वतःचा. तो कधीही बसता कामा नये. दुसरा कुठल्याही दुसऱ्या सोप्रानोचा. तो अधूनमधून बसलेला बरा. पहिल्यासाठी ती चातुर्मास बारा महिने पाळते. दुसऱ्यासाठी ती काहीच करत नाही, मुलगी मनाने चांगली आहे. पण पानगळ संपून जर्मनीभर लोक शिंकायला लागले की तिच्या फोनचा आवाज वाढवून ठेवलेला असतो, एवढं खरं.

ती मूळची जॉर्जियातल्या तिबिलिसीची. तिथे गाणं शिकली, मग जर्मनीतल्या संगीत महाविद्यालयात आली, मग एका थिएटरच्या ऑपेरा स्टुडिओत दोन वर्षं उमेदवारी केली आणि आता आमच्या शहराच्या थिएटरात पगारी गायिका आहे. वय विचारलं तर ‘आवाज अजून कोवळा आहे’ असं उत्तर देते. खरं वय फक्त स्पर्धांच्या अर्जावर लिहावं लागतं, आणि नावाजलेल्या बहुतेक स्पर्धा तिशीच्या आसपास दार लावून घेत असल्यामुळे तीही कटकट लवकरच संपणार आहे.

जगभरची अशी गाणारी मुलं जर्मनीत का येतात? कारण इथे गाण्याची नोकरी मिळते. ऑपेरा जन्मला इटलीत, फ्लोरेन्समध्ये, 1600च्या आगेमागे. पण त्याला दरमहा पगारावर ठेवलं ते जर्मनांनी. सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरा थिएटरं या देशात आहेत. लाख-दीड लाख वस्तीच्या गावातही स्वतःचा वाद्यवृंद, स्वतःचा कोरस, शिवणखातं, टोपांचं खातं आणि मूठभर कायम गायक असतात. आमच्या थिएटरात जॉर्जियाची सोप्रानो, कोरियाचा बॅरिटोन, अमेरिकेचा टेनर आणि युक्रेनचा बास मिळून, एका फ्रेंच माणसाने स्पेनबद्दल रचलेली ‘कार्मेन’ जर्मन लोकांना ऐकवतात. जर्मन लोक रंगमंचाच्या वरच्या पट्टीवर सरकणारं भाषांतर वाचतात. मराठी माणूस तिकीट काढून जातो आणि ‘आपल्याला एकट्यालाच कळत नाही’ ही भीती पहिल्या दहा मिनिटांत सोडून देतो.

2023मध्ये या नोकरीत नवख्या गायकाचा किमान पगार महिन्याला 2715 युरो ठरला. कर, विमा आणि भाडं गेल्यावर जे उरतं, त्यातून ती दर महिन्याला बर्लिनला आपल्या गाण्याच्या बाईंकडे जाते. पगारी गायिका झाली तरी शिकवणी सुटलेली नाही. हे ऐकल्यावर माझ्या आईला ती पहिल्यांदा आपली वाटली.

आई सुनेच्या बाळंतपणासाठी सांगलीहून आली होती आणि हिवाळाभर राहिली. सांगलीचं माणूस नाटकाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ तिथे केलं. त्यानंतर जगात रंगभूमीवर जे काही घडलं ते त्याच्याच पोटातून निघालं, असं आईचं मत आहे. युरोपात त्याआधीही काही होतं हे मी एकदा सांगून पाहिलं. “असेल,” म्हणाली.

पहिल्याच सकाळी वरून एक तान खाली आली. छताचं झुंबर किणकिणलं. बाळ दचकलं.

“कोण किंचाळतंय?”

“शेजारीण आहे. ऑपेरात गाते.”

आई थोडा वेळ मान वर करून ऐकत राहिली. “सूर पक्का आहे हो,” म्हणाली, “पण एवढ्या जोरात कशाला?”

मी समजावलं. ऑपेरात माइक नसतो. समोर खड्ड्यात साठ-सत्तर वाद्यं बसलेली असतात आणि त्यांच्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा असतो. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग या शास्त्रज्ञाने 1970च्या दशकात याचं गणित मांडलं: वाद्यवृंदाचा जोर खालच्या कंपनांत, पाचशे हर्ट्‌झच्या आसपास असतो, कसलेला पुरुष गायक घशाची ठेवण बदलून आपला जोर तीन हजारांच्या आसपास नेतो, जिथे वाद्यं दुबळी पडतात. सोप्रानोचा सूर मुळातच इतका उंच, की ती दुसरी युक्ती करते. सूर चढेल तसा जबडा उघडत नेते. त्यामुळे आवाज मोठा होतो आणि शब्द नाहीसे होतात. एका उंचीनंतर प्रेम, मरण आणि चहा यांचा उच्चार एकच.

“आमच्या नटांनाही माइक नव्हते,” आई म्हणाली. “आणि शब्दही कळायचे.”

विषय संपला. पण बाळाच्या झोपेचं काय, म्हणून मी चौकशी केली, तर कळलं की जर्मनीत यावरही निकाल झालेला आहे. आउग्सबुर्गच्या एका ट्रम्पेटवाल्याचं प्रकरण थेट सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेलं होतं. 2018मध्ये कोर्टाने सांगितलं की घरात वाद्य वाजवणं हे सामान्य जगण्याचाच भाग आहे. साधारण दिवसाला दोन-तीन तास, रविवारी आणि सुट्टीला एक-दोन तास, दुपारची आणि रात्रीची शांतता सांभाळून. सोप्रानोने निकाल पाठ केलेला होता. ती घड्याळ लावून गायची. दुपारी एकच्या ठोक्याला तान मधेच तुटायची, आणि अर्धवट राहिलेला तो वरचा सूर आम्हाला दुपारभर छळायचा. शेवटी बायकोनेच तिला सांगितलं, “बाई, दोन मिनिटं जास्त घे, पण संपव.”

त्यातून ओळख वाढली. सोप्रानो खाली यायला लागली. मी घरात ‘आई’ म्हणतो ते ऐकून ते आईचं नावच आहे असं समजली आणि तीही ‘आई’ म्हणायला लागली. आईने तिला ‘पोरी’ ठरवलं. दोघींत एकही भाषा सामाईक नव्हती, त्यामुळे त्या भरपूर बोलायच्या.

आईने पहिल्याच दिवशी हळद-दूध पुढे केलं. पोरीने हात जोडून नको म्हटलं. दुधाने कफ होतो. मग ताक? कफ. लिंबू-सरबत? आम्लपित्त, आम्ल वर येऊन स्वरयंत्राला लागतं. मिरची? देवा! आइस्क्रीम? तिने कानांवर हात ठेवले. रात्री जेवणं बंद, कारण आडवं झाल्यावर पुन्हा तेच पित्त. पण प्रयोग संपतो रात्री साडेदहाला आणि भूक लागते अकराला, तेव्हा हा नियम ती रोज रडत मोडते. दिवसातून दोनदा एम्स गावच्या झऱ्याचं मीठ घालून वाफ घेते. खिशात त्याच मिठाच्या गोळ्या. गळ्याला मफलर, तोही ऑगस्टमध्ये. खोलीत हवा दमट ठेवायचं यंत्र रात्रभर फुसफुसतं, भिंतीला बुरशी येते आणि मग बुरशीने घसा खवखवतो. प्रयोगाच्या दिवशी ती बोलत नाही. जिन्यात भेटली तर मान हलवते. शेवटी आईच्या पोतडीतली एकच गोष्ट पास झाली: ज्येष्ठमधाची काडी. ती चघळत ती वर गेली तेव्हा आईच्या चेहऱ्यावर आयुर्वेदाच्या दिग्विजयाचं तेज होतं.

या धंद्यात आवाजाचे कप्पे असतात, आणि कुठल्या कप्प्यातल्या बाईने काय गायचं हे रूडोल्फ क्लोयबरने 1951 साली लिहिलेल्या जाडजूड पुस्तकाच्या आधारे ठरतं. आवाज हलका आणि चपळ असेल तर सुब्रेट, म्हणजे चलाख मोलकरीण. थोडा भरला की लिरिक सोप्रानो, जी प्रेमात पडते आणि बरेचदा क्षयाने मरते. आणखी भरला की ड्रॅमॅटिक. ती खून करते, गडावरून उडी मारते किंवा घोड्यासकट चितेत जाते. थोडक्यात, वयाबरोबर पगार वाढो न वाढो, मरण भारदस्त होत जातं. आमची पोरगी सध्या मोलकरीण आणि क्षय यांच्या सीमेवर आहे. शिक्षिका म्हणतात, घाई नको. एजंट म्हणतो, या वर्षीच मरायला सुरुवात कर, मागणी आहे.

एजंट दहा टक्क्यांच्या आसपास घेतो आणि त्या बदल्यात तिचा परिचय लिहितो. ऑपेरातले परिचय वाचण्याची एक रीत आहे. ‘आपल्या पिढीतल्या सर्वाधिक मागणी असलेल्या आवाजांपैकी एक’ म्हणजे मोकळ्या तारखा आहेत. ‘अमुक महान गायिकेकडे मार्गदर्शन’ म्हणजे त्या बाईंच्या एकदिवसीय कार्यशाळेत तिसऱ्या रांगेत बसली होती. ‘उपांत्य फेरीतील स्पर्धक’ म्हणजे अंतिम फेरीत गेली नाही. ‘आगामी हंगामात अनेक रोमांचक पदार्पणं’ म्हणजे एजंटलाही माहीत नाही. आईला मी हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “आपल्याकडे पत्रिकेत ‘मुलगी गृहकृत्यदक्ष’ लिहितात ते हेच ना?”

नोकरी असली तरी चाचण्या थांबत नाहीत. प्रत्येक चाचणीला पाच आरिया, म्हणजे ऑपेरातली एकट्याने गायची पदं, तयार न्यायच्या, इटालियन, जर्मन, फ्रेंच, जमल्यास रशियन नाही तर चेक. चेकमध्ये ती द्वोरझाकच्या ‘रुसाल्का’तलं चंद्राला आळवणारं पद गाते. चेक तिला येत नाही, पण चंद्राशी बोलताना उच्चारांवर कुणी हरकत घेतलेली नाही. सहा तास गाडीने जायचं, गार सभागृहात अंधाराकडे तोंड करून आपल्या आवडीचं एक गायचं. मग अंधार थोडा वेळ कुजबुजतो आणि दुसरं मागतो. ते दुसरं नेहमी तेच असतं, जे तिने यादी पूर्ण व्हावी म्हणून शेवटी लिहिलेलं असतं. मग अंधार ‘धन्यवाद’ म्हणतो. सगळं मिळून दहा मिनिटं. परतीची गाडी उशिरा.

बरं, मिळालेल्या भूमिकेचंही सुख सरळ नसतं. जर्मनीत ऑपेराचा राजा दिग्दर्शक. म्युनिकमध्ये 2005 साली डोरिस डॉरी या चित्रपट दिग्दर्शिकेने ‘रिगोलेत्तो’ वानरांच्या ग्रहावर नेऊन ठेवलं. बायरॉइटला 2010मध्ये ‘लोहेनग्रिन’च्या कोरसला उंदीर केलं. त्या मानाने आमच्या पोरीचं नशीब चांगलं. नाताळात जर्मनीतलं जवळजवळ प्रत्येक थिएटर हुम्परडिंकची ‘हेन्सेल आणि ग्रेटेल’ लावतं. 1893च्या डिसेंबरात वायमारला रिचर्ड श्ट्राउसच्या संचालनाखाली तिचा पहिला प्रयोग झाला, तेव्हापासून ती नाताळच्या बेकरीमालासारखी हंगामी आणि अटळ आहे. त्यात तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दवपरी येते, झोपलेल्या भावंडांवर दवाचे थेंब शिंपडते, एक छोटं पद म्हणते आणि जाते. ही दवपरी म्हणजे आमची शेजारीण. दिग्दर्शकाने तिला परी न ठेवता नगरपालिकेची सफाई कामगार केलं होतं: नारिंगी जाकीट, गमबूट, हातात खिडक्या पुसायच्या द्रावणाचा फवारा.

“नायिका कोण?” आईने माझ्यामार्फत विचारलं.

“ग्रेटेल.”

“मग तू ग्रेटेल का नाहीस?”

“ती भूमिका दुसरीला आहे. पण मी ती पाठ केली आहे. ती आजारी पडली तर मी.”

“पडते का आजारी?”

“कधीच नाही,” पोरगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात प्रथमच थोडी कडवट धार आली.

या एका ‘तर’वर ऑपेराचा अर्धा इतिहास उभा आहे आणि तो तिला मुखोद्गत आहे. 1963 साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ज्युसेप्पे दी स्तेफानो गाऊ शकला नाही, म्हणून पावारोत्ती नावाचा तरुण ‘ला बोएम’मध्ये उभा राहिला. 1968मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटनमध्ये फ्रांको कोरेल्लीने ऐन वेळी नाही म्हटलं आणि प्लासिदो दोमिंगोचं तिथलं पदार्पण ठरल्या दिवसाआधीच झालं. 2006मध्ये मिलानच्या ‘ला स्काला’त ‘आइदा’ चालू असताना वरच्या सज्जातल्या रसिकांनी हुर्यो उडवली, रोबेर्तो अलान्या चालू प्रयोगातून तडक निघून गेला, आणि बदली गायक अंतोनेल्लो पालोम्बी अंगावरच्या रोजच्या कपड्यांतच प्राचीन इजिप्तमध्ये दाखल झाला. पण तिची खरी देवी निनो माचाइद्झे. तीही तिबिलिसीची. 2008मध्ये साल्झबुर्गला आना नेत्रेब्कोला दिवस गेल्यामुळे ‘रोमियो आणि ज्युलिएट’ सोडावं लागलं आणि निनोला ती भूमिका मिळाली. तेव्हापासून तिबिलिसीतली प्रत्येक होतकरू सोप्रानो मोठ्या गायिकांच्या सर्दीबरोबर त्यांच्या संसारसुखाचीही मनापासून काळजी करते.

“आपल्याकडचं कुणी नाही का यात?” आईने विचारलं. आहे की, मी म्हटलं. पॅट्रिशिया रोझारिओ. मुंबईत जन्मलेली, मूळ गोव्याची, लंडनला जाऊन मोठी सोप्रानो झाली. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस 1993पासून बंद होतं. 2016मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा तीच तिथे गायली. “बघ पोरी,” आई वळून म्हणाली, “गोव्याचा गळा कुठेही चालतो.” हे भाषांतर मी केलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी पोरगी पांढरीफटक होती. जर्मन थिएटरांच्या करारात अशी मेख आहे की गायकाचा करार दरवर्षी आपोआप पुढे चालू राहतो. पण पुढच्या हंगामापासून नको असेल तर तसं 31 ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवायचं. नवा संचालक आला की तो आपली माणसं आणतो आणि ही पत्रं निघतात, गाणं कितीही चांगलं असो. एकाच थिएटरात पंधरा वर्षं काढली की मात्र सहजी काढता येत नाही, म्हणून चौदाव्या वर्षी लोक फार जपून गातात. त्या दिवशी ती टपालाच्या पेटीपाशी तीनदा जाऊन आली. आईला कारण कळलं तेव्हा ती म्हणाली, “31 ऑक्टोबर? अगं, 1880 साली याच तारखेला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केलं. संगीत नाटकाचा वाढदिवस. या दिवशी गाणाऱ्याचं वाईट होणार नाही.” पत्र आलं नाही. पोरगी तेव्हापासून अण्णासाहेबांचं नाव उच्चारायचा प्रयत्न करते. ‘किर्लोस्कर’ तिला सहज जमतं. जॉर्जियन माणसाला आपली जोडाक्षरं म्हणजे किरकोळ.

‘हेन्सेल’च्या पहिल्या प्रयोगाआधी आईने तिची दृष्ट काढायचं ठरवलं. जर्मन थिएटरात शुभेच्छा देताना ‘टोय टोय टोय’ म्हणतात, डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं करतात, आणि त्यावर ‘थँक यू’ म्हणणं अशुभ मानतात. रंगमंचावर शिट्टी वाजवायची नाही. अशा माणसांना मीठ-मोहरी काय जड? पण आईने लाल मिरच्याही ओवाळल्या आणि विजेच्या शेगडीवर टाकल्या. धूर झाला. छतावरचा धुराचा भोंगा कोकलला. पोरगी मफलर तोंडावर धरून गच्चीत पळाली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत एक शब्द बोलली नाही. मिरच्यांचा ठसका बसला याचा अर्थ दृष्ट फार मोठी नव्हती, असा आईने निष्कर्ष काढला.

प्रयोगाला आम्ही गेलो. मध्यंतर झालं, पडदा उघडला, नारिंगी जाकीट आलं. फवारणी झाली. आणि मग त्या गमबुटांतून असा सूर उठला की मला जाकीट दिसेनासं झालं. जिन्यात मान हलवणारी, कांदे जपून खाणारी, पत्रपेटीपाशी थरथरणारी मुलगी कुठेच नव्हती. तीन-चार मिनिटं आख्खं सभागृह तिचं होतं. पद संपलं, वाद्यवृंद पुढे निघाला, आणि त्या शिस्तशीर जर्मन शांततेत सांगली बोलली:

“वन्स मोअर!”

तीस-चाळीस पोरांनी वळून पाहिलं. पुढच्या बाईंनी खांदे उडवले. मी कुजबुजलो, “आई, इथे नसतं तसं.” नंतर घरी येऊन सांगितलं की मिलानच्या ‘ला स्काला’त तर वन्स मोअर देण्यावर सत्तरहून अधिक वर्षं बंदीच होती, 2007मध्ये हुआन दिएगो फ्लोरेसने ती मोडली. “मग पोरीनेही मोडायची,” आई म्हणाली. पोरीला हे कळलं तेव्हा ती रडली. तिच्या कारकिर्दीतला तो पहिला वन्स मोअर होता.

आणि मग डिसेंबरात, एका मंगळवारी दुपारी, तो फोन आला. तीनशे किलोमीटरवरच्या एका थिएटरात ‘कार्मेन’ होती आणि तिथल्या मिकाएला करणाऱ्या बाईचा आवाज सकाळी उठल्यावर नव्हता. आमच्या पोरीला ती भूमिका येत होती. आमच्या थिएटरची परवानगी लागते. कचेरीने ती दिली, एका अटीवर: उद्या सकाळी अकराला शाळकरी मुलांसाठी ‘हेन्सेल’ आहे, साडेनऊला रंगपटात हजर. ती जिन्यातून उतरली ती आवाज तापवत उतरली. बायकोने डबा दिला. आईने ज्येष्ठमध दिला आणि ‘टोय टोय टोय’ म्हणाली. पोरगी थँक यू म्हणाली नाही.

जोडगाडी चुकली. ती पोचली तेव्हा पडदा उघडायला अर्धा तास होता. एवढ्या वेळात दिग्दर्शकाची बांधणी शिकवणं अशक्य, तेव्हा थिएटरांची ठरलेली तोड काढली. बसलेल्या घशाची बाई पोशाख घालून मधोमध वावरली, ओठ हलवत, आणि आमची पोरगी कडेला स्टँडपाशी, छोट्या दिव्याखाली, काळ्या झग्यात उभी राहून गायली. आधी लोक मधे पाहत होते. तिसऱ्या अंकातल्या मोठ्या पदाला, तिच्याच म्हणण्यानुसार, सगळी डोकी कडेला वळली. आम्ही तिथे नव्हतो, पण मला खोटं वाटत नाही.

“टाळ्या कुणाला?” आईने विचारलं.

“दोघींना.”

“आणि फुलं?”

“तिला. ऑर्डर आधीच दिलेली होती.”

“पैसे?”

पोरीने आकडा सांगितला. एका रात्रीत अर्ध्या महिन्याचा पगार. आईने समाधानाने मान हलवली. फुलं सुकतात.

ती पहाटे चारला परत आली. साडेनऊला रंगपटात होती. अकराला नारिंगी जाकीट घालून चारशे पोरांसमोर उभी राहिली, ज्यांतली निम्मी सँडविच खात होती आणि उरलेली एकमेकांना ढोसत होती. सकाळी अकरा ही वेळ कुठल्याच सोप्रानोच्या गळ्यासाठी बनलेली नाही. ती गायली. एका पोराचं सँडविच हातातच राहिलं. हे मात्र मी स्वतः पाहिलं, कारण आईला पुन्हा यायचं होतं.

स्थानिक वर्तमानपत्रात त्या ‘कार्मेन’बद्दल तीन ओळी आल्या. तिच्या आडनावातलं एक अक्षर गळलं होतं. ती कात्रणं ठेवते, चुकीच्या आडनावांसकट. पुढच्या हंगामात तिला पामिना मिळणार असं ऐकतो. ‘जादूची बासरी’तली ती राजकन्या, म्हणजे मोलकरणीच्या सीमेवरून एकदाची पुढे. ती मोठी होईल का? सांगता येत नाही. हा धंदा आवाजाइतकाच वेळेवर चालतो, आणि वेळ दुसऱ्याच्या घशात असते. पण युरोपचा ऑपेरा ज्यांची नावं जाहिरातीत झळकतात त्यांच्यावर चालतो हा गैरसमज आहे. तो चालतो पहाटे चारला परतून अकराला उभ्या राहणाऱ्यांवर.

तेव्हा वाचकहो, युरोपच्या सहलीवर कधी आलात, तर मोठ्या ऑपेरा हाउसच्या पायऱ्यांवर फोटो काढण्यातच संध्याकाळ घालवू नका. एखाद्या मध्यम गावी उतरा, वीस-तीस युरोंचं तिकीट काढा, आणि पात्रांच्या यादीत अगदी खाली असलेलं, उच्चारायला कठीण असं नाव शोधून ठेवा. ती बाई आली की कान देऊन ऐका. आवडलं तर मोठ्याने वन्स मोअर द्या. मिळणार नाही, पण तिला ऐकू जाईल.